उलटा रेडिएटर

मासळीच्या कारखान्यातल्या बायका गरम पाणी मागायला मॅनेजरकडे गेल्या, त्याला चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला तो म्हणाला, बघू. दुसऱ्या खेपेला म्हणाला, वर कळवतो. तिसऱ्या खेपेला म्हणाला, वर कळवलंय. चौथ्या खेपेला तो नुसता हसला, आणि तेव्हाच त्या बायकांतल्या मिस्त्रिणीला कळलं की या माणसाने वर काय, शेजारच्या खोलीतसुद्धा काही कळवलेलं नाही.

मागणी काही राजवाड्याची नव्हती. लांबलचक स्टीलचं टेबल, त्याच्या दोन्ही अंगांना मिळून बावीस बायका, मध्ये बर्फाच्या चुऱ्यात लोळणारी मासळी आणि प्रत्येकीच्या मुठीत आखूड पात्याची सुरी. सकाळी सातला हात बर्फात जायचे ते दुपारी तीनला बाहेर यायचे. धुवायला नळ होता, पण त्याचं पाणी म्हणजे बर्फाचा सख्खा भाऊ. रबरी मोजे मिळायचे. ते पाणी अडवायचे, गारठा नाही. घरून बाटलीत गरम पाणी आणलं तर ती फाटकावरच काढून घ्यायचे, का तर टेबलाजवळ बाहेरची वस्तू चालत नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये मात्र भिंतीवर गिझर होता. कागद चाळून चाळून साहेबलोकांचे हात गारठत असतील बिचाऱ्यांचे.

मिस्त्रिणीची धाकटी जाऊ टेबलावर तिच्या शेजारीच उभी असायची. तासाभरात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, मग मेल्यासारखी. सुरी हातात आहे की गळून पडली हे तिला बघून कळायचं. सुट्टीनंतर बोटांत जीव यायचा तो असा ठणकत यायचा की ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. डॉक्टरने सांगितलं, दर तासाला पाच मिनिटं कोमट पाण्यात हात धरा, नाहीतर हे काम सोडा. दोन्ही जमणार नसेल तर बोटांचे शेंडे काळे पडतील आणि मग मला कापावे लागतील. काम सोडून खायचं काय, ते त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

तर चौथ्या खेपेला मॅनेजर हसला आणि बावीस बायकांदेखत म्हणाला की विजेचं एक युनिट वाढणार नाही आणि मशीनचा एक पाइप कापला जाणार नाही. एवढं सांभाळून कुणाला गरम पाणी काढता येत असेल तर खुशाल काढा, मी अडवणार नाही. वर त्याने हात जोडले. असे हात जोडणाऱ्यांच्या हातांना कधी बर्फ लागलेला नसतो.

बायका परत टेबलाशी गेल्या. मिस्त्रीण गेली नाही. ती तिथेच उभी राहून त्याचं बोलणं मनात मोजत होती. वीज नाही, कापाकापी नाही. बरं.

मिस्त्रीण हे नाव तिला बायकांनी दिलेलं. तिच्या नवऱ्याचं हमरस्त्याला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकचं इंजिन तापतं, त्यात खेळणारं पाणी तापतं, ते पाणी ज्याच्यात येऊन निवतं तो रेडिएटर. तो गळायला लागला की ट्रकवाले यांच्या दारात. दुकानावर पाटी नवऱ्याच्या नावाची, आणि आतले डाग हिच्या हातचे. कथील वितळवून पितळेला असा बारीक डाग द्यायची की बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रींच्या हातात जादू आहे, आणि मिस्त्री मिशीला पीळ देत म्हणायचे, अनुभव लागतो. ही मागे चुलीशी लोखंड तापवत बसलेली. वीस वर्षं ऐकलं तिने ते. नवरा वाईट नव्हता. पण एकदा तरी, एका तरी गिऱ्हाइकाला, हा डाग हिचा, असं म्हणाला असता तर त्याची मिशी काही गळून पडली नसती. तो गेला, जागेच्या मालकाने दुकान काढून घेतलं, आणि उरलेलं भंगार हिच्या पलंगाखाली आलं. ते विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. सगळे सांगतात ते न करण्याची तिला जुनी खोड.

मासळी गार ठेवणाऱ्या मशीनची खोली मोरीच्या वाटेवर होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दारात जाऊन उभी राहिली. मशीनवाला म्हणजे एक घाबरट, सज्जन गृहस्थ. त्याने आपला ओला पंचा मशीनमधून निघणाऱ्या एका नळीवर वाळत घातला होता. नळी मनगटाएवढी जाड, मशीनपासून भिंतीपर्यंत चांगली चार हात सरळ गेलेली. पंचा तिच्यादेखत वाळत होता. तिने पुढे होऊन नळीला बोट टेकवलं आणि तितक्याच चपळाईने मागे घेतलं.

“भाऊ, ही ऊब जाते कुठं?”

गच्चीवर, तो म्हणाला. शीतखोलीतली ऊब मशीन गॅसमध्ये ओढून घेतं आणि या नळीतून वर धाडतं, वर मोठे पंखे आहेत, ते ती उडवून लावतात. ती टाकावीच लागते. नाही टाकली तर मशीन गुदमरतं. उन्हाळ्यात पंखे पुरे पडत नाहीत, मग मी पाइप घेऊन त्यांच्यावर पाणी मारत बसतो, तरी हा काटा चढतोच. त्याने तबकडीवरचा काटा दाखवला. लाल रेघेला टेकला की मशीन आपोआप बंद, आणि मग साहेब माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

मिस्त्रीण काट्याकडे बघत राहिली. म्हणजे माशांच्या अंगातून, बर्फातून, आणि धाकटीच्या बोटांतूनसुद्धा काढलेली सगळी ऊब या नळीतून जाते आणि हे लोक ती कावळ्यांना शेकायला गच्चीवर टाकतात.

“टाकायचीच आहे ना?” ती म्हणाली. “मग मला द्या.”

त्याने पंचा ओढून घेतला, जणू ती पंचाच मागत होती. मग म्हणाला, बाई, पाइप कापायचा नाही. ती म्हणाली, कापणार नाही, नुसती मिठी मारणार.

बेत तिच्या डोक्यात तिथेच उभ्या उभ्या जुळला. रेडिएटर म्हणजे काय? गरम पाणी आत, ऊब बाहेर. तिला हवं होतं त्याच्या नेमकं उलटं. ऊब बाहेर तयारच आहे, पाणी आत घ्यायचं. टाकी नको, साठवण नको, वाहतं पाणी वाहता वाहताच तापलं पाहिजे. पितळी पत्र्याचं एक कवच करायचं, उभं चिरलेल्या बांबूसारखं, दोन फाकांचं. त्या फाकांच्या पाठीवर बारीक नळ्या डाग देऊन बसवायच्या. दोन्ही फाका मशीनच्या नळीला दोन बाजूंनी लावायच्या आणि क्लिपांनी आवळायच्या. तिचा गॅस तिच्या पोटात, माझं पाणी माझ्या पोटात, पाठीला पाठ लागली की झालं. तिने ओढणीच्या काठाने नळीचा घेर मापला, काठाला गाठ मारली आणि कामावर गेली.

घरात पंधरा दिवस स्वयंपाक उभ्यानेच झाला, कारण बसायच्या जागी भंगार होतं. जुन्या रेडिएटरांच्या पितळी टाक्या ठोकून तिने सपाट पत्रे केले, ते नळीच्याच जाडीच्या एका पाइपवर ठोकून गोलसर वळवले. शेगडीवर भाताच्या पातेल्याशेजारी डाग द्यायचं लोखंड तापायचं. डाग धरायला लावलेल्या नवसागराचा धूर झाला की सगळं घर खोकायचं. धाकटीच्या हाताने पकडवत नव्हतं, म्हणून ती पत्रा दोन कोपरांत धरून बसायची.

“ताई, आज भाजीला फोडणी कथलाची का?”

“गप धर. हललीस तर तुझ्याच नाकाला डाग देईन.”

दोघी हसायच्या. पण धाकटीचं मधलं बोट त्या आठवड्यात संध्याकाळपर्यंत पांढरंच राहायला लागलं होतं, आणि ते दोघींनाही दिसत होतं. बोलून बोट तापत नाही.

कवच तयार झालं तेव्हा ते खरोखर देखणं दिसत होतं. एकेका फाकेवर बारा नळ्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना एकेक आडवी पेटी. पाणी एका पेटीत शिरणार, बाराही नळ्यांतून एकदम धावणार, दुसऱ्या पेटीत जमून बाहेर पडणार. वीस वर्षं तिने असंच बांधलं होतं. हात सवयीने चालले आणि डोकं त्यांच्यामागून गेलं. चूक तिथेच झाली.

सुट्टीच्या अर्ध्या तासात मशीनवाल्याने एक फाक धरली, तिने दुसरी. मध्ये ॲल्युमिनियमची पूड कालवलेलं घट्ट ग्रीस फासलं, म्हणजे दोन धातूंत हवेची फट राहायला नको. वरून आठ क्लिपा आवळल्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने रबरी नळी टेबलापर्यंत. आपला यात काही हात नाही म्हणत मॅनेजरही बघायला आला. बायका गोळा झाल्या. धाकटीने मोजे काढून हात पुढे केले.

पाणी आलं. गार झालेल्या चहात असते तेवढीसुद्धा ऊब त्यात नव्हती. बर्फाचा सख्खा भाऊ होता तो चुलतभाऊ झाला, इतकंच.

मॅनेजरने पाण्यात एक बोट बुडवलं, रुमालाला पुसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “रेडिएटरवाल्याची बाई. पाणी थंडच करणार.”

सगळे हसले. टेबलावरच्या बायकासुद्धा हसल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यासाठी करावं त्याही हसतात, आणि पाणी गरम आलं असतं तर त्याच पहिल्या धावल्या असत्या. मिस्त्रिणीच्या कानशिलांना त्या दिवशी जी ऊब चढली, ती कुठल्या मशीनला जमली नसती.

पण ती कवच काढायला गेली नाही. मशीनच्या खोलीत जाऊन तिने पाणी वाहतं ठेवलं, कवचावर टाकलेलं फडकं दूर केलं आणि बोटाच्या टोकाने एकेक नळी चाचपत गेली. वरची नळी चटका देणारी. तिच्या खालची तशीच. तिच्याही खालची तशीच. अगदी तळाच्या दोनच नळ्या गार. मग तिला हसू आलं, आणि स्वतःला एक सणसणीत शिवी देऊन तिने फडकं पुन्हा टाकलं.

गाडीत पंप असतो. तो पाण्याला बाराही नळ्यांतून मारून मुटकून पळवतो. इथे कोण पळवणार? इथलं पाणी आळशी जावयासारखं, सोपी वाट बघणारं. तळाच्या दोन नळ्यांतून सटकत होतं आणि बाकीच्या दहांमध्ये नुसती हवा तापत बसली होती. वीस वर्षं पाणी निववायला तिने बारा वाटा दिल्या होत्या, कारण तिथे घाई असते. तापायला बारा वाटा नकोत. एकच वाट हवी, लांब, वेडीवाकडी, निसटायला जागा नसलेली. जे पाणी शिरलं ते सगळ्या नळीभर फिरूनच बाहेर पडलं पाहिजे, आणि जाताना हवेला पुढे ढकलून काढलं पाहिजे.

दुसरं कवच आठ दिवसांत झालं. पेट्या गेल्या. एकच नळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत, पुन्हा वळून परत, अशा प्रत्येक फाकेवर बारा येरझाऱ्या. पाणी भिंतीकडच्या टोकाने आत घेतलं, जिथे मशीनची नळी त्यातल्या त्यात निवलेली असते, आणि मशीनकडून बाहेर काढलं, जिथे ती सगळ्यात तापट. निघताना जास्तीत जास्त ऊब घेऊन निघायचं, एवढा साधा व्यवहार. तोंडाशी बारीक भोकाची चकती बसवली, म्हणजे पाण्याने चालत जावं, पळू नये. वरून जुनी लोकरीची घोंगडी गुंडाळली.

या वेळी तिने कोणाला बोलावलं नाही. आणि बरं झालं, कारण नळीत उभं राहिलेलं पाणी बाहेर आलं ते वाफाळतच. तिच्या मनगटावर अठन्नीएवढा फोड आला. फोडाचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की धाकटीची बोटं इथे असती तर तिला भाजलेलंसुद्धा कळलं नसतं. ती घाबरली म्हणाल तर त्या एका क्षणी घाबरली. मग तिने नळाची तोटीच काढून टाकली. पाणी थांबलं तर तापून उकळायला येतं, म्हणून ते थांबवायचंच नाही. काम चालू आहे तोवर करंगळीएवढी धार अखंड वाहील, शेजारच्या गार नळीचं थोडं पाणी तिच्यात मिसळेल आणि टेबलाच्या टोकाशी पत्र्याच्या कुंडीत पडेल. कुंडीतून ओसंडलेल्या पाण्याने फरशी धुतली जाईल. फरशी एरवीही धुवावी लागतेच.

धाकटीने कुंडीत हात घातले तेव्हा टेबलावर कोणी हसलं नाही. खांदे खाली आले तिचे. इतके दिवस ते कानांना लागलेले होते, हे तेव्हा दिसलं. मग पाच मिनिटांनी म्हणाली, “ताई, मला माझी नखं लागतायत.”

एका वेळी दोघींचे हात मावत. बायकांनी आपसांत पाळ्या लावल्या. तीन आठवड्यांत धाकटीची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही शुद्धीवर आली. मधल्या बोटाचा शेंडा मात्र तेवढा आला नाही. तो पहिल्या कवचाच्या आठवड्यात गेला होता. मिस्त्रीण तो हिशेब स्वतःच्या नावावर धरायची, आणि मॅनेजरकडच्या चार खेपाही विसरायची नाही.

एके दिवशी मशीनवाला टेबलापाशी आला. तो सहसा खोली सोडत नसे. म्हणाला, मिस्त्रीणबाई, गच्चीवर पाणी मारायला जाऊन मला वीस दिवस झाले. काटा लाल रेघेच्या आसपास फिरकत नाही. तुमचं ते गाठोडं मशीनची अर्धी धाप उतरवतंय. एवढं बोलून तो गेला. हे तो ऑफिसातही बोलला, कारण सज्जन माणसाच्या पोटात काही राहत नाही.

ऑफिसात मग हालचाल सुरू झाली. कवचाचे फोटो निघाले. मॅनेजरने वर कळवलं. या वेळी खरोखरच कळवलं. कागदात काय लिहिलं होतं ते टायपिस्टबाईने डबा खाताना सांगितलं: व्यवस्थापकांच्या कल्पनेतून साकारलेली, कंपनीतच तयार झालेली ऊर्जाबचत. वरचे तिघे बघायला येणार होते. त्यांना दाखवायला ऑफिसच्या बाथरूममधला गिझर काढून टाकला, म्हणजे बचत डोळ्यांना दिसावी.

मिस्त्रिणीने ते ऐकून घेतलं आणि पोळीचा तुकडा मोडला. लिहू दे, ती म्हणाली. कागदाने कुणाचे हात गारठत नाहीत.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती टेबलाशी आली तर कुंडी कोरडी. कंपनीच्या फिटरने रबरी नळी मध्येच कापून ऑफिसच्या भिंतीकडे वळवली होती, आणि तिकडे चकचकीत तोटी बसवली होती. साहेबांचा हुकूम, फिटर म्हणाला, आणि नजर चुकवली. ती मॅनेजरकडे गेली. तो टाय बांधत होता. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की आज एक दिवस राहू दे. मग म्हणाला, पुढेही आधी ऑफिसला जाऊ दे, उरेल ते तुम्हाला देऊ. करंगळीएवढी धार, त्यातून काय उरणार हे त्यालाही माहीत होतं. तिने सांगितलं की त्या तोटीने पाणी अडवलंत तर आत उकळेल आणि पाहुण्यांचे हात भाजतील. तो म्हणाला, ते आम्ही बघतो, तुम्ही तुमच्या टेबलाचं बघा.

ती टेबलाचं बघायला गेली. दहा वाजता धाकटीचं मधलं बोट पांढरं झालं. अकराला शेजारची दोन. साडेअकराला धाकटीच्या हातून सुरी पडली, आणि ती पडल्याचं तिला शेजारणीने सांगितलं.

मिस्त्रिणीने मोजे काढले, एप्रन काढला, पिशवीतून पाना घेतला आणि मशीनच्या खोलीत गेली. मशीनवाला उठून उभा राहिला. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही काही पाहिलं नाही असं म्हणा. तो म्हणाला, मी पाहिलं असंच म्हणेन, मला खोटं बोलता येत नाही. मग तो बाजूला झाला.

घोंगडी उतरली. पाणी बंद करून तिने आठ क्लिपा एकामागून एक सोडल्या. दोन्ही फाका फडक्यात धरून तिने जमिनीवर ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी स्वतः बसली. बाहेर ऊन तापत होतं. तबकडीवरचा काटा आळस झटकून उठला आणि चढायला लागला. हे होणार हे कारखान्यात सगळ्यात चांगलं तिलाच ठाऊक होतं. मशीनवाला सवयीने गच्चीकडे धावणार होता. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बसला. आयुष्यातलं पहिलं धाडस त्याने बसून केलं.

सव्वाबाराला मशीन बंद पडलं. त्याची घरघर इतकी सवयीची होती की ती थांबल्यावर सगळा कारखाना बहिरा झाल्यासारखा वाटला. मग शीतखोलीचा भोंगा वाजला.

मॅनेजर धावत आला, आणि जमिनीवर काय पडलंय ते बघून त्याचा रंग उतरला. तो खूप बोलला. कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, पोलीस, आत्ताच्या आत्ता कामावरून कमी. ती त्याचं सगळं संपू देत बसली. मागे दारात बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, सुऱ्या टेबलावर ठेवून. घोषणा वगैरे काही नाही. नुसत्या उभ्या.

“तुमचा पाइप बघा,” मिस्त्रीण म्हणाली. “कुठं कापलाय? कुठं ओरखडा आहे? तुमचं जसं होतं तसं तुम्हाला परत दिलं. हे पितळ माझ्या पलंगाखालचं, हे डाग माझ्या हातचे. कामावरून काढा. मी माझं घेऊन घरी जाते.”

“मागे खोलीत माल सडेल, बाई. अर्ध्या तासात ते लोक येतायत.”

“तिची बोटं सकाळपासून सडतायत.”

त्याने दाराकडे पाहिलं. बायकांत कोणाच्या चेहऱ्यावर दया शोधत असावा. मग मशीनवाल्याला म्हणाला, मशीन चालू कर. मशीनवाल्याने सांगितलं, काटा उतरल्याशिवाय ते चालू होत नाही आणि चालू झालं तरी या उन्हात दहा मिनिटं टिकणार नाही. तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत.

शेवटी मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, लावा परत.

“आधी नळी टेबलाकडे,” ती म्हणाली. फिटर हुकमाची वाटही न बघता पळाला.

मग ती उठली. एक फाक तिने उचलली, आणि दुसरी कोणी उचलेना. मशीनवाला काट्यापाशी, फिटर नळीपाशी, बायका दारात. एकटीला दोन्ही फाका धरून क्लिपा आवळता येत नाहीत.

“साहेब, धरा.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने टाय खांद्यावर टाकला आणि वाकला. ग्रीस मनगटापर्यंत आलं. नळी अजून तापलेली होती, तो फडक्यातून हात बदलत होता. तिने क्लिपा आवळायला घेतल्या, पहिली, मग दुसरी. घाई केली नाही. डाव्या अंगाला थोडं वर, ती सांगायची, आणि तो वर करायचा. हे कुणी शिकवलं तुम्हाला, असं त्याने मध्येच विचारलं. खरंच विचारायचं होतं की वेळ भरायचा होता, कोण जाणे. कुणी नाही, ती म्हणाली. घट्ट धरा.

पाणी सोडलं. काटा हळूहळू खाली आला. मशीन गुरगुरलं आणि चालू झालं. टेबलाच्या टोकाशी कुंडीत वाफ आली, मग गार पाणी मिसळून धार निवली. धाकटीने दोन्ही हात आत घातले. बायका तिच्या मागे आपापल्या पाळीने उभ्या राहिल्या.

फाटकावर गाडी थांबल्याचा आवाज आला. मॅनेजरने आपल्या हातांकडे पाहिलं. चंदेरी काळं ग्रीस बोटाबोटांत भरलं होतं. गार नळाखाली त्याने हात चोळले, तर ते आणखीच पसरलं. ऑफिसच्या भिंतीवर आता गिझर नव्हता. तो कुंडीकडे आला आणि धाकटीच्या खांद्यावरून हात पुढे करणार होता.

“साहेब,” मिस्त्रीण म्हणाली, “पाळी आहे इथं. तिकडून.”

तो मागे गेला, शेवटच्या बाईच्या मागे, हात अंगापासून दूर धरून. दारात बूट वाजले. धाकटीने मागे वळूनही पाहिलं नाही. डॉक्टरने पाच मिनिटं सांगितली होती, तिने पाच मिनिटं घेतली, आणि वर आणखी थोडी.